आपल्या देवळाची भिंत आणि ती रंगविणारे हात

जीर्णोद्धार समितीच्या मंडळींनी स्मरणिकेसाठी देवळाच्या इतिहासावर चार पाने लिहून देण्याचे काम माझ्याकडे सोपविले. "तू कचेरीत आहेस, जुने कागद तुझ्या हाताखालचे, तूच लिही," असा त्यांचा आग्रह. वाचकांनी प्रथमच समजून घ्यावे की मी इतिहासकार नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत, नोकरी तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची. ग्रामदेवता येथे कशी प्रकट झाली, बारा-पाचाचे मान कोणाकडे कसे आले, हे या स्मरणिकेत वडीलधाऱ्यांनी लिहिलेच आहे व ते त्यांनीच लिहावे हे योग्य. मी लिहिणार आहे ते एका भिंतीविषयी. या भिंतीच्या प्रकरणात माझाही हात असल्यामुळे ते लिहिणे माझ्यावर आहे, असे मी समजतो.

गेल्या वर्षी शिमग्यानंतर समितीची सभा झाली. इतिवृत्त लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे होते. "सभामंडपाची दक्षिणेकडील भिंत जीर्ण व ओलसर झाली असल्याने ती काढून टाकून त्या जागी नवीन पक्की भिंत बांधण्यात यावी," हा ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याचे माझ्याच अक्षरात वहीत आहे. वाक्यरचना माझी. ते लिहिताना भिंतीकडे एकदा वळून पाहावे असेही मला वाटले नाही. पाहिले असते तरी दिसले असते ते पिवळ्या डिस्टेंपरचे पोपडे, इतकेच.

भिंत दोन दिवसांत खाली आली. तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला जाताना देवळात डोकावलो, तर वरच्या वाडीतले वयोवृद्ध मेस्त्री मातीच्या ढिगाशेजारी जोत्यावर बसलेले. मांडीवर गिलाव्याचा एक तुकडा, परातीएवढा. डिस्टेंपरचा थर निघाला होता आणि खाली तांबड्या जमिनीवर पांढऱ्या रेघांनी काढलेले रथाचे अर्धे चाक व घोड्याचा एक पाय दिसत होता. खुराच्या वरचे केससुद्धा एकेका रेघेने काढलेले. मेस्त्री म्हणाले, "ह्यां माझ्या आज्यान केल्लां." एवढेच बोलले. रागावले असते तर बरे झाले असते.

या कामाला कावी म्हणतात. गोव्यात, आपल्या तळकोकणात व खाली कारवारच्या किनाऱ्यापर्यंत जुन्या देवळांच्या आणि मोठ्या घरांच्या भिंतींवर ते पाहावयास मिळते. काव म्हणजे तांबडी माती, तीवरून हे नाव. हाच तांबडा रंग पूर्वी हुरमुंज या नावानेही विकत मिळे. इराणच्या आखातातील होर्मुझ बंदरावरून तो माल येई म्हणून ते नाव पडले. म्हणजे आपल्या गावच्या देवळातील घोड्याच्या रंगाचे नावसुद्धा समुद्रापलीकडून आलेले आहे.

कावीत रंग दोनच, तांबडा व पांढरा. पण कुंचल्याने रंगवलेले हे चित्र नव्हे. प्रथम समुद्राचे शिंपले भाजून चुना करावयाचा. शिंपल्यांचा चुना फार पांढराशुभ्र होतो. त्यात धुतलेली बारीक वाळू व गुळाचे पाणी घालून तो पंधरा-पंधरा दिवस मुरवत ठेवावयाचा, मग कुटावयाचा. मेस्त्री सांगतात, कुटणाऱ्यांच्या हाताला फोड येईपर्यंत चुना तयार झाला असे त्यांचे आजोबा मानीत नसत. या पांढऱ्या चुन्याचा थर भिंतीवर द्यावयाचा आणि त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ तांबडा थर. तो ओला असतानाच लोखंडी टोकदार सळईने चित्र कोरावयाचे. तांबडे खरवडून निघाले की खालचे पांढरे दिसू लागते. चित्र म्हणजे जे काढून टाकले ते, आणि जमीन म्हणजे जे ठेवले ते.

यातली खरी परीक्षा वेळेची. थर सुकला की सळई चालत नाही, पापुद्रा उडतो. म्हणून एका दिवसात जेवढे कोरून होईल तेवढाच भाग लिंपावयाचा. चुकलेली रेघ खोडता येत नाही. पुढे चुना हवा ओढून घेत घेत पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्याच्या पोटात अडकतो. आपल्याकडे शंभर इंचांहून अधिक पाऊस, पागोळ्यांचे पाणी भिंतीवर उडते, तरी शंभर वर्षे हा घोडा धुऊन गेला नाही, याचे कारण हेच.

मग भिंत जीर्ण कशी झाली? हे विचारलेच पाहिजे, कारण ठरावात "जीर्ण व ओलसर" हे शब्द मीच घातले आहेत. माझ्या लहानपणी देवळाची एकदा डागडुजी झाली. त्या वेळी भिंतीच्या खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा केला, वरच्या भागाला डिस्टेंपर व खांबांना ऑइलपेंट लावला. ज्यांनी केले त्यांनी भक्तीनेच केले, त्यांना दोष देणे नाही. परंतु जांभ्याची व चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते बाहेर सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले. आत शिरलेले पाणी वर चढत गेले व चित्राच्या मागे साठले. आपण भिंतीला आजारी पाडले आणि मग आजारी म्हणून पाडले.

आता हे काम करणारे कोण होते, ते पाहू. मेस्त्र्यांचे आजोबा धंद्याने सुतार. कावी हा त्यांचा पोटाचा धंदा नव्हे. सभामंडपाचे फणसाचे खांब, तुळयांवरची नक्षी हे त्यांचे मुख्य काम, व भिंत त्याच ओघात आली. गोव्यात बांदिवड्याच्या नागेशीच्या देवळात सभामंडपात लाकडावर कोरलेली रामायणातील दृश्ये व अष्टदिक्पाल आहेत. ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना कळेल की कोकणातला सुतार केवळ चौकटी ठोकणारा नव्हता. पूर्वी देऊळ हीच गावाची शाळा, चावडी आणि नाटकगृह. वर्षातून एकदा जत्रेला सारा गाव तेथे जमे, रात्रभर दशावतार चाले. कारागिराचे काम गावाने पाहावे अशी दुसरी जागाच नव्हती.

पालखी, चौरंग, देव्हारे यांवरचे रंगकाम व लाखकाम सावंतवाडीच्या चिताऱ्यांचे. त्यांची लाकडी फळे व खेळणी सर्वांना माहीत आहेत. गंजिफाचे गोल पत्ते त्यांच्याच घरातले. ती कला अगदी मोडकळीस आली असता १९७० नंतरच्या काळात श्रीमंत शिवरामराजे व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. गणपतीची गोष्ट तर निराळीच. अजूनही आपण घरचा पाट चित्रशाळेत नेऊन देतो आणि त्याच पाटावर मूर्ती घडून घरी येते. मूर्ती दीड दिवसात, पाच दिवसांत विसर्जन होते. इतक्या कष्टाने केलेले काम पाण्यात सोडून देणारे आपण, म्हणूनच कदाचित भिंत पाडतानाही आपला हात अडखळत नाही. (हे माझे मत आहे, समितीचे नव्हे.)

कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी घेऊन देवळात येत. कागदावरच्या चित्रांची पोथी, एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगावयाची. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि तो आश्रय सुटला. सिनेमा आला, पुढे घरोघर टीव्ही आला. जुन्या पोथ्या माळ्यावर गेल्या, काही बाहेर विकल्या गेल्या. त्यातूनही पिंगुळीचे श्री. परशुराम गंगावणे यांनी चित्रे व कळसूत्री बाहुल्या जपल्या, घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट झाली. माझे थोरले काका सांगत की चित्रकथी आपल्या देवळात बसत ते याच दक्षिण भिंतीला पाठ लावून. म्हणजे मागे भिंतीवर रथ, पुढे हातात रथ. ते पाहण्याचे भाग्य आमच्या पिढीला लाभले नाही.

कुंभाराचे सांगितल्याशिवाय हे पुरे होत नाही. देवळावर पूर्वी नळीची कौले होती, ती गावच्या कुंभाराने चाकावर काढलेली. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ती चपटी, एकात एक अडकणारी कौले गलबतांतून किनाऱ्याला उतरू लागली. हलकी, टिकाऊ, दरवर्षी परतावी लागत नाहीत. लोकांनी ती घेतली यात आश्चर्य नाही. पण कुंभाराकडे उरल्या मडकी आणि पणत्या. आता मंगळुरी कौलांच्या जागी स्लॅब आला आहे. मंगळुरी कौल परतणारा माणूसही आज तालुक्यात शोधावा लागतो.

आता नावांकडे वळतो. या स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी आहे. ती योग्यच आहे. मुंबईकर चाकरमानी मंडळींनी पगारातून काढून दिलेला प्रत्येक रुपया तेथे नोंदविला गेला पाहिजे. यादी मीच तपासली आहे, चूक असल्यास मला कळवावे. परंतु हे देऊळ पूर्वी ज्यांनी आपल्या हातांनी घडविले त्यांतील एकाचेही नाव कोठे नाही, हे लिहिताना प्रथमच माझ्या ध्यानात आले.

मी कचेरीतले कागद पाहिले. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली देवस्थानची नोंदणी झाली त्या वेळी मालमत्तेची यादी दिलेली आहे. तीत जमिनीचे सर्व्हे नंबर आहेत, घंटा आहेत, समया वजनासह आहेत, पालखीवरची चांदी तोळ्यांत आहे. भिंतीवरच्या चित्रांचा उल्लेख नाही. इमारतीपुढे "जांभ्याची, कौलारू" असे दोन शब्द. समईचे वजन करता येते, घोड्याचे कसे करणार? घाटावरच्या जिल्ह्यांत गावाच्या उपयोगी पडणाऱ्या कामगारांच्या इनाम जमिनी दप्तरात "वर्ग सहा-अ" म्हणून असत व १९५३ च्या सेवा इनाम निर्मूलन कायद्याने त्या पद्धतीचा निकाल लागला. तेथे निदान नाव तरी सापडते. पण जमीन कोणाची, आकार किती, हे कळते. त्या माणसाने काय घडविले ते कळत नाही. आपल्या बाजूला तर सुताराला भात मापून देत, नारळ देत. त्याचा कागदच नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कारागिराने नाव लिहिण्याची रीतच नव्हती, सर्व देवाला अर्पण. मीही असेच समजत होतो. पण तसे नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ कोंडाण्याची लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तेथे दगडावर कोरलेले आहे की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. गुरूचे नाव घेऊन स्वतःचे नाव सांगितले आहे, आपल्याकडचा पेटी शिकलेला मुलगा सांगतो तसे. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याला सापडलेली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली असे तिच्यावरच कोरलेले आहे. धंद्याने सोनार, आणि घडविला दगड. आमच्या मेस्त्र्यांचे आजोबा धंद्याने सुतार, आणि कोरला चुना. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात दरवाजाजवळ लेख आहे की धेनुकाकटचा राहणारा, वेणुवासाचा मुलगा, सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केले. आज कार्ल्याला जाणारे लोक एकवीरेचे दर्शन घेऊन त्या दारातून आत जातात, वर पाहत नाहीत. मीही दोनदा गेलो होतो, पाहिले नाही.

आणि रायगडावरील जगदीश्वराच्या देवळाची पायरी तर सर्वांनाच ठाऊक आहे. सारा गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव घातले ते पायरीवर. नाव मोठे नको, पण नाव असावे, असा तो विचार दिसतो.

दक्षिण भिंत गेली ती गेली. उत्तरेकडील भिंत अजून उभी होती आणि तीही पाडण्याचा ठराव वहीत पुढच्याच पानावर होता. तुकडा हातात घेऊन मी सभेत उभा राहिलो. बोलण्याची सवय नाही, त्यामुळे फारसे जमले नाही. मुंबईकर मंडळींचे म्हणणे होते की एवढी रक्कम गोळा केली ती जुनी भिंत ठेवण्यासाठी नव्हे, लोक विचारतील नवीन काय केले. यात तथ्य नाही असे नाही. एका देणगीदाराने संपूर्ण सभामंडपाला संगमरवरी लाद्या देऊ केल्या होत्या व लाद्यांचे माप भिंती काढूनच बसत होते. दोन सभा वादात गेल्या. एका सभेत आवाज चढले, ते मी इतिवृत्तात घेतलेले नाही.

वाद मिटला तो पंढरपूरमुळे. २०२४ साली विठ्ठल मंदिराच्या संवर्धनाचे काम झाले, त्यात मागाहून लावलेल्या फरशा व रंग काढून मूळचा दगड मोकळा करण्यात आला. आपल्यातील वारकरी मंडळी त्या आषाढीला जाऊन डोळ्यांनी पाहून आली होती. त्यांतील एक माळकरी म्हातारी सभेत म्हणाल्या की विठोबाने अंगावरचे नवे काढून जुने घातले, मग आपण कोण? त्यापुढे कोणी बोलले नाही. लाद्यांच्या देणगीदारांनीही मोठे मन दाखवून ती रक्कम उत्तर भिंतीकडे वळविण्यास पत्राने संमती दिली. त्यांचे नाव यादीत त्याच रकमेसह आहे. त्यांचे आभार येथे वेगळे मानतो.

डिस्टेंपर काढण्यास पावसाळ्यापूर्वीचे सात आठवडे लागले. लाकडी पट्टी, ओले फडके आणि धीर, एवढीच हत्यारे. गावच्या हायस्कूलची मुले संध्याकाळी येत. भिंतीचा सुमारे निम्मा भाग हाती लागला: एक कमळांची वेल, दोन मोर, गजारूढ कोणीतरी (डोके नाही, त्यामुळे कोण ते सांगता येत नाही), आणि कोपऱ्यात एक बाई जात्यावर बसलेली. देवादिकांच्या रांगेत ही बाई कशासाठी, हे कोणालाच सांगता आले नाही. मेस्त्री मात्र तिच्याकडे बराच वेळ पाहत होते.

गळून पडलेला भाग भरण्यासाठी चुना करून पाहिला. मेस्त्र्यांचे हात आता थरथरतात. ते खुर्चीवर बसून सांगत व त्यांचा नातू करी. हा मुलगा चतुर्थीआधी तीन महिने चित्रशाळेत गणपती रंगवितो आणि उरलेले वर्ष रिक्षा चालवितो. पहिला घाणा फुकट गेला, दुसऱ्याच दिवशी जाळीसारखे तडे पडले. गूळ कमी पडला की चुना पुरता मुरला नव्हता, यावर आजोबा-नातवाचे अजून एकमत नाही. दुसरा टिकला. वेलीची तीन पाने व एका मोराची शेपटी नवीन आहे. जुन्या तांबड्याशी नव्याचा रंग जुळलेला नाही, जवळ गेल्यावर स्पष्ट कळतो. काही मंडळींना ते खटकले. मेस्त्री म्हणाले, कळू दे, ते आजचे आहे.

राहिले नाव. आजोबांचे नाव भिंतीवर नाही. मेस्त्री त्यांना "आजो" म्हणत, गाव "थोरलो मेस्त्री" म्हणे. मूळ नावाबद्दल घरातच दोन मते. शेवटी जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या काढल्या. रजेचे चार दिवस अभिलेख कक्षात बसलो. वह्यांना कसर लागलेली, पाने एकमेकांना चिकटलेली. चौथ्या दिवशी दुपारी वाडीचे नाव, "सुतारकाम" हा धंदा आणि वय जुळणारी नोंद मिळाली. बापाच्या नावाचे शेवटचे अक्षर कसरीने खाल्ले आहे, पण त्यांचे स्वतःचे नाव पूर्ण आहे. कचेरीत इतकी वर्षे हजारो दाखले लिहिले, एकाचीही नक्कल उतरवताना हात असा थांबला नव्हता.

ते नाव मी येथे छापणार होतो. मेस्त्र्यांनी नको म्हटले, कागद वाळवी खाते असे त्यांचे म्हणणे, आणि ती वही पाहून आल्यावर मला ते खोडता आले नाही. जांभ्यात बारीक अक्षर टिकत नाही, म्हणून काळा दगड आणविला आहे. उत्तरेच्या दाराने आत शिरताना डाव्या हाताला, पायरीला लागून, तो बसविला आहे. कळसाच्या दिवशी गर्दी असेल, तेव्हा वाचता न आल्यास दुसऱ्या दिवशी सवडीने यावे. शेजारी दक्षिण भिंतीतला तो घोड्याच्या पायाचा तुकडा चुन्यात बसविलेला आहे. लहान मुलांनी त्याला हात लावू नये, एवढी विनंती.